तिघांतला पहिला

आपला संघ भिडून खेळतो, ते अजून चालतं की नाही, यावर मी दोन वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता भांडलो. सुरतेत उधन्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची लारी होती, म्हणजे हातगाडी. पाळी सुटायची आणि पाळी लागायची ती सातलाच, त्यामुळे जाणारा आणि येणारा दोघंही तिथे पाच-दहा मिनिटं थांबत. मी म्हणायचो, चालतं. गल्लीतला टेलर म्हणायचा, नाही चालत. बाकीचे अर्धा अर्धा चहा घेऊन मजा बघत. मला शांतपणे भांडता येत नाही. मी कप ठेवायचो, उचलायचो, दोन पावलं जायचो, परत यायचो, बोट नाचवायचो. चहावाला म्हणायचा, "अरे भाई, एका जागी उभा राहा, चहा सांडतो." पण मला एका जागी उभं राहवत नाही, आजही नाही.

आता खानदेशातली माणसं आणि फुटबॉल, म्हणजे काय सांगायचं! आमच्याकडे कबड्डी, फार तर कुस्ती. पण आमच्या खात्यातला जॉबर ओरिसाचा होता. सुरतेत यंत्रमागाला संचा म्हणतात आणि संच्यांच्या शेडला खातं. बिघडलेला संचा सुरू करून देणारा आणि आम्हा कारागिरांच्या मानेवर बसणारा तो जॉबर. त्याच्या गावात म्हणे पोर चालायला लागलं की आधी चेंडू लाथाडतं. त्यानंच आमच्या गल्लीतली अकरा माणसं जमवली, टेलरकडून पिवळ्या बनियनींवर आकडे शिवून घेतले आणि संघ काढला.

पहिल्याच दिवशी त्याला कळलं की आमच्या पायात चेंडू राहत नाही आणि राहणारही नाही. पण पळता येतं. चार संचे एका माणसाकडे. धागा तुटला की संचा थांबतो, थांबला की पळायचं, गाठ मारायची, तोवर दुसरा थांबतो. बारा तास हेच. जॉबर म्हणाला, "बस, यही करो. जिसके पास बॉल, वो टूटा धागा. तीन आदमी दौड़ो." झालं. समोरच्याला चेंडू मिळाला रे मिळाला की आमचे तिघं त्याच्या अंगावर. तो घाबरून चेंडू कुठेतरी भिरकावायचा, की तिथे दुसरे तिघं. आम्ही कडेला उभे राहून बोंबलायचो, "भिड रे, भिड!"

त्या तिघांतला पहिला माझा दादा. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, काटक, अबोल. खात्यात वीस वर्षं काढूनही शेठला त्याचं तोंड ओळखीचं नव्हतं. पण पहिल्या वर्षी पलसाण्याच्या रस्त्याला रंगाच्या मिलमागच्या मैदानावर तो जो सुटायचा, अहाहा! हजिऱ्याच्या कारखान्याचा संघ स्वतःच्या बसमधून यायचा, सगळ्यांचे मोजे सारखे, बूट सारखे, त्यात दोन-तीन बंगाली अगदी तयारीचे. दादा त्यांच्या अंगावर गेला की त्यांना आपला चेंडू कुठे ठेवू आणि कुठे नको असं व्हायचं. आम्ही त्यांना एक-शून्य हरवलं तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन दादाला बघत होत्या. दादा मान खाली घालून गेला, पण घरी येऊन त्यानं मला विचारलं, "कोण कोण बघत होतं रे?"

म्हणून मी भांडायचो, दुसरं काही नाही. दादाला पास देता येत नव्हता, गोल मारता येत नव्हता, डोक्यानं चेंडू घ्यायला गेला तर डोळे मिटायचे. त्याला फक्त समोरच्यावर धावून जाता यायचं. भिडणं बंद झालं असतं तर दादाला त्या संघात कुणी ठेवलं नसतं, आणि दादाजवळ त्या संघाशिवाय स्वतःचं असं काही नव्हतं. हे मला समजत होतं, त्यालाही समजत होतं. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही एवढंच.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. रविवारी सगळ्या दुनियेला सुट्टी, आमच्या भागात मात्र वीज बुधवारी बंद, म्हणून सुट्टीही बुधवारी. सामने रविवारी. मग खेळाडूंचे संचे कोण चालवणार? चाहते. ज्याला संघाचं जास्त प्रेम, त्यानं सामन्याच्या दिवशी खेळाडूच्या जागी बदली उभं राहायचं. म्हणजे आमच्या संघाचे खरे चाहते मैदानावर नसायचेच. ते खात्यात असायचे. मैदानावर टाळ्या वाजवायला असायचे ते गल्लीतले म्हातारे आणि दुकान बंद करून गेलेला टेलर.

पहिल्या वर्षी दादाच्या संच्यांवर जॉबरच्या गावचा एक कारागीर उभा राहायचा, म्हणून मला एकाआड एक रविवारी सामना बघायला मिळे. तो गावी गेला तो परत आलाच नाही. मग ते काम माझ्याकडे आलं. दादा आणि मी त्याच चार संच्यांवरची जोडी होतो. एका आठवड्यात तो दिवसपाळी, मी रात्रपाळी, पुढच्या आठवड्यात उलटं. कसंही फिरवा, रविवारी दुपारी चार वाजता संच्यांपुढे मीच. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचो, चार घास खाऊन जरा पडायचो, आणि अडीचला परत खात्यात. डोळे चुरचुरायचे. पण मी म्हणायचो, दादा तिकडे भिडतोय, मला झोप कसली येते?

म्हणजे दोन वर्षं मी एकही सामना पाहिला नव्हता आणि लारीवर सगळ्यात मोठ्यानं मीच भांडत होतो. मला याची लाज वाटली नाही. मला सगळं माहीत आहे असंच मला वाटायचं. रविवारी सातला दादा यायचा, अंग धुळीनं माखलेलं, ओठ पांढरे पडलेले, आणि म्हणायचा, "भिडलो रे आज!" बास, तेवढ्यावर माझं आठवड्याचं भांडण निघायचं. हरलो असलो तर गोलकीपरचा दोष, नाहीतर मैदानाचा.

टेलर मूळचा आमच्याकडचाच, जळगावाकडचा, पण जन्म सुरतेतला. भांडायला लागला की सुरती गुजरातीत घसरायचा. "भाई, हवे नी चाले! नाही चालत आता. समोरच्यांना कळलंय सगळं. तुम्ही तिघं आलात की ते चेंडू तुमच्या डोक्यावरून मागे टाकतात, आणि मागे आपलं सगळं रान मोकळं. मध्यंतर झालं की आपल्या माणसांची जीभ बाहेर. किती दिवस पळेल माणूस?"

"तू सुईत दोरा ओव," मी म्हणायचो. "ते बसून करायचं काम आहे. हे उभ्यानं करायचं आहे, तुला नाही कळायचं."

लोक खो खो हसायचे. टेलर मान हलवायचा. आणि दादा, पाठीमागे भिंतीला टेकून उभा, कपाच्या काठावरून माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, खूश आहे. मग मी आणखी चढायचो.

घरात मात्र वहिनी माझ्यावर धुमसत होती. दादाला खोकला धरला होता. खात्यातला तंतू सगळ्यांच्याच छातीत जातो, खोकला नाही असा कारागीर दाखवा, मी म्हणायचो. पण दादा दोन जिने चढताना मध्ये थांबायला लागला होता. रविवारी रात्री त्याला जेवण जात नसे, उशीला टेकून नुसता श्वास घेत बसायचा. एकदा वहिनीनं माझ्यापुढे ताट आदळलं आणि म्हणाली, "तो पयस, तू बोंबलस. तुन्हं काय जास रे बोलाले?" पळतो तो, बोंबलतोस तू, तुझं काय जातं बोलायला.

"वहिनी, त्याला आवडतं."

"एकदाव जाईसन देखी ये," ती म्हणाली. एकदा जाऊन बघून ये.

"मग संचे कोण बघेल?"

ती चुलीकडे वळली. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पुढचा रविवार हजिऱ्याशी होता. दादाची दिवसपाळी होती. अडीचला मी त्याच्या जागी उभा राहिलो, दादा बनियन खांद्यावर टाकून गेला, जॉबरही गेला. चार वाजले. आता सुरू झालं असेल, माझ्या मनात आलं, आणि मला काही राहवेना. एका संच्याचा धागा सारखा तुटत होता. गाठ मारली की तुटे, मारली की तुटे. मी पाण्याच्या माठाकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. घड्याळाकडे बघितलं तर चार वाजून सात मिनिटं. "एकदाव जाईसन देखी ये." अरे, काय बघायचंय त्यात? मला सगळं माहीत आहे. मग मी घाम का पुसतोय?

चार दहाला मी चारही संचे बंद केले. चालता संचा कारागिरानं आपल्या हातानं बंद करायचा नसतो. धागा संपेल, वीज जाईल, जॉबर बंद करेल, पण आपण नाही. आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारचा ओरडला, "क्या हुआ?" मी त्याच्या कानात म्हणालो, "घर में काम है," आणि त्याचीच सायकल घेऊन सुटलो.

हायवेला ट्रकांची रांग, उलटा वारा, मिलच्या नाल्याचा जांभळा पाट रस्त्यापर्यंत आलेला. मी मनातल्या मनात टेलरशी भांडत पायडल मारत होतो. आज डोळ्यांनी बघून येतो आणि संध्याकाळी तुझं तोंडच बंद करतो, बघ तू.

पोचलो तेव्हा मध्यंतर होऊन खेळ पुन्हा सुरू झाला होता. मला कुणी पाहू नये म्हणून मी हजिऱ्याच्या बसच्या आडोशाला उभा राहिलो. पहिली दोन-तीन मिनिटं मला काही कळेना. आमची पिवळी माणसं पळतच नव्हती. नऊ जण आपल्या गोलच्या पुढे दोन ओळी करून शांत उभे होते. समोरच्याला चेंडू मिळाला तरी कुणी अंगावर जाईना. जवळ आला की अडवायचे, एकमेकांकडे चेंडू द्यायचे, चांगला द्यायचे. आमची माणसं पास देत होती! मी डोळे चोळले.

आणि मग मला दादा दिसला. पुढे, एकटा. तो पळत होता. चेंडू ज्याच्याकडे, त्याच्या अंगावर जायचा. तो माणूस दादा अगदी दोन हातांवर येईपर्यंत थांबायचा आणि मग हळूच बाजूच्याला द्यायचा. दादा त्याच्याकडे वळायचा. तो पुन्हा पहिल्याला द्यायचा. बसजवळचे हजिऱ्याचे लोक हसत होते. एक जण म्हणाला, "आया, आया, चाचा आया!" दादा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, खोकला, थुंकला, आणि पुन्हा पळाला. आमच्या नऊ जणांपैकी कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. जॉबर कडेला हाताची घडी घालून उभा होता. कुणीही "भिड" म्हणत नव्हतं.

टेलरनं मला पाहिलं. माझ्याजवळ आला आणि आधी त्यानं माझी सायकल धरली, कारण ती माझ्या हातातून पडत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष होऊन गेलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"रोज तर सांगतो, नाही चालत म्हणून."

"चालत नाही म्हणत होतास! खेळतच नाहीत असं कुठे म्हणालास?" मी त्याची गचांडी धरली असती, खरंच धरली असती.

टेलर खाली बघत म्हणाला, "तुझ्या दादानंच हात जोडले सगळ्यांपुढे. म्हणाला, धाकटा झोप मोडून माझे संचे चालवतो. त्याला वाटतंय आपण भिडतो, तर वाटू द्या. जॉबरनं त्याला दोनदा सांगितलं, तू पण मागे थांब, नाहीतर बस. तर म्हणतो, मग संध्याकाळी लारीवर धाकट्यापुढे कोणत्या तोंडानं उभा राहू? खोटं बोलायचं नाही त्याला तुझ्याशी. भिडलो म्हणून सांगायचं तर भिडायला पाहिजे ना. म्हणून तो एकटा भिडतो. मला वाटलं, तुझं मत फिरवता आलं तर तो थांबेल."

मला सगळ्यांचा राग आला. टेलरचा, जॉबरचा, हसणाऱ्यांचा, दादाचा. आणि मग माझा इतका आला की तिथे उभं राहणं अशक्य झालं. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी त्याला मैदानात ढकलत होतो, चहा पीत पीत, लोकांना हसवत. वहिनी दोन शब्दांत जे सांगत होती ते मला कळलं नव्हतं, आणि मी म्हणे शहाणा! सामना संपायच्या आत मी निघालो. परत येऊन संचे सुरू केले.

सातला बाहेर लारीवर आलो. दादा आला, ओठ पांढरे. "भिडलो रे आज!" म्हणाला. अगदी खरं बोलला. लोक सरकून जवळ आले, आता सुरू होणार म्हणून. टेलर मात्र कपात बघत बसला होता.

मी म्हणालो, "दादा, आता हे नाही चालत."

दादा हसला. "काय रे, बरं आहे ना तुला?"

"नाही चालत. बंद कर."

"तू कधी पाहिलास सामना?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. नाही पाहिला म्हणालो असतो, तर त्याची लाज राखली गेली असती, आणि पुढच्या रविवारी तो परत पळाला असता. माझ्या डोळ्यांपुढे तो वाकून खोकत होता.

"आज पाहिला. मध्यंतरानंतर."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला आणि तो उतरताना मी बघत उभा राहिलो. मला वाटलं आता शिवी देईल, कानाखाली काढेल. काढावी असं मला फार वाटत होतं.

"संचे कोणाकडे होते?" त्यानं विचारलं.

"बंद केले."

त्यानं मान हलवली. कप लारीवर ठेवला, त्यात निम्मा चहा तसाच होता, आणि घराकडे चालू लागला. टेलर त्याच्यामागे दोन पावलं गेला आणि थांबला. दोन वर्षं तो ज्यासाठी भांडला ते मी सगळ्यांदेखत कबूल केलं होतं, पण जिंकल्याचं त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही.

आठवडाभर दादा माझ्याशी बोलला नाही. पाळी बदलताना हत्यारांच्या पेटीची चावी हातात द्यायचा, बस्स. बुधवारी सुट्टी होती, तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनीनं मला चहा दिला आणि ती भांडी घासायला बसली. मला घरात बसवेना आणि बाहेरही करमेना. नुसत्या येरझारा.

पुढच्या रविवारी माझी दिवसपाळी होती. दुपारी अडीचला दादा खात्यात आला. अंगात पिवळी बनियन नव्हती, कामाचा शर्ट होता. त्यानं माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं आणि संच्यांपुढे उभा राहिला. कानाशी तोंड आणून ओरडला, "तू जा. नीट बघून ये. सुरुवातीपासून."

मी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा मी सबंध सामना पाहिला. कडोदऱ्याचा संघ होता. दादाच्या जागी एक नवीन मुलगा होता, त्याला पास देता येत होता. आमची माणसं छान खेळली. जॉबर हसला, टेलरनं माझ्या पाठीत थाप मारली. प्रत्येक गोलला मी टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येक गोलला मला वाटलं की हा झाला नसता तर बरं.

साडेसहाला खात्यात परत आलो. खात्यात आवाज इतका असतो की लांबून कुणी बोलत नाही, हातांनीच बोलतात. दादानं मला दारातच पाहिलं आणि हातानं विचारलं, किती? मी एका हाताची तीन बोटं आणि दुसऱ्याचं एक दाखवलं. त्यानं विचारलं, कुणाचे तीन? मी तीन बोटं तशीच धरून दुसरा हात छातीवर ठेवला. आपले.

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग जवळ आला, माझ्या कानाशी वाकला आणि तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाला, "मी व्हतू तवय तीन कधीच व्हयनात नही."

मी असताना तीन कधी झाले नव्हते. आणि ते खरं होतं. त्याच्या सगळ्या पळण्याच्या वर्षांत आम्ही कधी एकाच्या वर गेलो नव्हतो. मला त्याला खूप काही सांगायचं होतं. तो परत संच्यांकडे वळला तरी मी तीन बोटं वर धरून तसाच उभा होतो, आणि ती खाली घ्यायचं मला सुचत नव्हतं.